विश्लेषण : बाळाचे वजन वाढते, आईचे घटते! मावळातील स्तनदा मातांचा पोषण आहार सहाव्या महिन्यातच का थांबतो?

पावसाळ्यात लोणावळा, कार्ला, पवना धरण परिसर पर्यटकांनी फुलून जातो. याच डोंगररांगांत आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळात कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबांच्या वस्त्या आहेत. तिथे बाळ जन्मले की अंगणवाडीत त्याचे वजन, उंची यांची नियमित नोंद होते. त्याला दूध पाजणाऱ्या आईच्या ताटात काय आहे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. स्तनदा मातेला नेमका किती आहार लागतो, कायद्याने तिला काय मिळते आणि ते कुठे अपुरे पडते?

आईला रोज किती जास्त खावे लागते?

पहिल्या सहा महिन्यांत आईला दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध येते. एवढ्या दुधातच सुमारे ५०० किलोकॅलरी ऊर्जा असते आणि ते तयार करायला शरीराला त्याहून अधिक ऊर्जा खर्च करावी लागते. त्यामुळे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० च्या शिफारशींत स्तनदा मातेला नेहमीच्या आहाराखेरीज पहिले सहा महिने रोज ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० किलोकॅलरी जास्त लागतात, असे म्हटले आहे. प्रथिने पहिल्या सहा महिन्यांत सुमारे १७ ग्रॅम आणि नंतर १३ ग्रॅम जास्त हवीत. कॅल्शियमची गरज दिवसाला १२०० मिलिग्रॅम आहे.

कमी खाल्ले तर दूध आटते का?

सहसा नाही, आणि गफलत इथेच होते. आई थोडीफार कुपोषित असली तरी दूध येत राहते. दुधातील प्रथिने, कॅल्शियम, लोह यांचे प्रमाणही फारसे बदलत नाही. शरीर ही भरपाई आईची चरबी, स्नायू आणि हाडांतून करते. हाडांतून गेलेले कॅल्शियम दूध सोडल्यावर बऱ्याच अंशी भरून येते. पण दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल तर त्यासाठी पुरेसा वेळच मिळत नाही.

काही घटकांची कमतरता मात्र थेट बाळापर्यंत पोहोचते. अ, ब-१ आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे तसेच आयोडीन आईच्या आहारात नसेल, तर दुधातही कमी उतरते. म्हणजे बाळ बाळसे धरते आहे, यावरून आईचे ठीक चालले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. त्यात बाळंतपणातील रक्तस्रावाची भर पडते.

भाताच्या मावळात कमतरता कशाची?

मावळ हे भाताचे कोठार. घरोघरी लोकप्रिय असलेला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राचीच देणगी. रेशनवरही मिळतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. त्यामुळे पोट भरते, पण ताट एकसुरी राहते. वरचे ६०० किलोकॅलरी फक्त भातातून मिळवायचे, तर सुमारे १७० ग्रॅम तांदूळ लागतो. त्यातून १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, कॅल्शियम मात्र जेमतेम १५ मिलिग्रॅम.

आता दुसरा हिशेब पाहा :

• नाचणीच्या दोन भाकऱ्या (१०० ग्रॅम पीठ) : सुमारे ३२० किलोकॅलरी
• मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅम) : सुमारे १७० किलोकॅलरी
• एक अंडे : सुमारे ७५ किलोकॅलरी
• गुळाचा छोटा खडा (१० ग्रॅम) : सुमारे ४० किलोकॅलरी

बेरीज तितकीच, ६०० च्या घरात. प्रथिने मात्र २० ग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे ४०० मिलिग्रॅम. लोणावळ्याची चिक्की म्हणून पर्यटक जे घरी नेतात, ते शेंगदाणे आणि गूळ या यादीत आहेत. डोंगरउतारावर नाचणी पिकते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्या आणि ओढ्यातले खेकडे मिळतात, तर एरवी सुकट, बोंबील. अडचण माहितीपेक्षा पैशांची आणि हंगामाची अधिक आहे.

बाळंतिणीच्या पथ्याचे काय?

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, शेपू, तूप हा परंपरेने चालत आलेला आहार पौष्टिकच आहे. पण डिंक, सुकामेवा, तूप मजुरी करणाऱ्या घराला परवडत नाही. मग परंपरेतले ‘खा’ गळून पडते आणि ‘खाऊ नको’ तेवढे उरते. डाळ वातूळ, फळे थंड, पाणी कमी प्यावे अशा समजुतींमुळे उरलेसुरले ताटही रिकामे होते. डाळ, फळे, अंडी, मासे खाल्ल्याने बाळाला बाधते, याला सरसकट आधार नाही. तहानेप्रमाणे पाणी प्यायलाच हवे.

कायद्याने काय मिळते?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ४ नुसार प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीमार्फत मोफत पूरक आहाराचा हक्क आहे. कायद्याच्या मूळ परिशिष्टात त्याचे प्रमाण ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे दिले होते. याशिवाय पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. सरकारी रुग्णालयात सामान्य प्रसूतीनंतर ३ दिवस, सिझेरियननंतर ७ दिवसांपर्यंत जेवण मोफत असते. लोह-फॉलिक आम्लाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस मोफत आहेत. या दोन्ही गोळ्या एकाच वेळी न घेता किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण मुदतीची. कायद्यातील आहाराचा हक्क प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी संपतो. गोळ्याही तेव्हाच थांबतात. सातव्या महिन्यापासून आहार बाळाच्या नावावर मिळू लागतो. स्तनपान मात्र दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ सुरू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. गरज ६०० वरून ५२० वर येते, मदत मात्र शून्यावर.

दुसरी अडचण घरपोच आहाराची. घरी आलेला शिधा सगळ्या घराचा होतो आणि आईच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो. राज्यात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम, चौरस जेवण दिले जाते. पण ही योजना अनुसूचित क्षेत्रांसाठी आखलेली आहे. पुणे जिल्ह्यात असे क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील ठरावीक गावांपुरते आहे. मावळ त्यात नाही. आदिवासी आई तीच, तालुका बदलला की ताट बदलते.

तिसरी अडचण स्थलांतराची. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. नाव वस्तीतल्या अंगणवाडीत आणि आई भट्टीवर, अशी स्थिती होते.

काय करता येईल?

त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचे असताना आशा सेविकेने घरी भेट द्यायची असते. त्याच भेटींत आईचे वजन आणि तिचे जेवण यांचीही नोंद होऊ शकते. वीटभट्टीवर जाताना नाव जवळच्या अंगणवाडीकडे वळवून घेण्याची मागणी कुटुंबाला करता येते. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करण्याची सोय आहे. गरम जेवणासाठी क्षेत्राऐवजी वस्ती हा निकष धरायचा का आणि सहा महिन्यांची मुदत वाढवायची का, हे निर्णय मात्र सरकारच्या पातळीवरचे आहेत. तोवर घरच्यांच्या हातात एक गोष्ट आहे. अंगणवाडीतून आईच्या नावाने आलेला आहार आईच्याच ताटात पडेल, एवढे त्यांनी पाहावे.