कल्पनेतील विक्रमी मोटारी

१९२० आणि १९३० च्या दशकांत जमिनीवरील वेगाचे विक्रम मोडण्यासाठी बांधलेल्या मोटारींत बहुधा विमानाचे इंजिन बसवलेले असे. त्यामुळे त्या काळी बांधता आली असती, पण प्रत्यक्षात बांधली गेली नाही, अशा मोटारीची लघुप्रतिकृती घडवणाऱ्याने आराखड्याचा आरंभ बाह्याकारापासून नव्हे, तर इंजिनापासून करणे योग्य ठरते. हेन्री सीग्रेव्ह यांनी मार्च १९२९ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीचवर ताशी २३१.४५ मैल वेगाने चालवलेली ‘गोल्डन ॲरो’ याचा अप्रतिम नमुना होय: तिच्या नेपियर लायन इंजिनाचे बारा सिलिंडर चार-चारच्या तीन रांगांत असल्याने बॉनेटवर तीन लांबट फुगवटे आले, पाणी थंड करणारे रेडिएटर दोन्ही बाजूंना चाकांच्या मधल्या जागेत गेले, आणि सरळ रेषा धरता यावी म्हणून चालकापुढे बंदुकीवर असते तसे नेम धरण्याचे साधन बसवले गेले.

१:२४ या प्रमाणात, म्हणजे मुळाच्या चोविसाव्या हिश्श्यात, काम करताना विमानाच्या किटमधील इंजिन आणि पंखाखालची निमुळती जादा इंधनटाकी यांतून मोटारीचे धड उभे राहते. सांध्यांत पुट्टी भरून ती पॉलिश पेपरने घासली जाते. मात्र धुराड्यांची तोंडे सिलिंडरांच्या संख्येशी जुळली नाहीत, किंवा एवढ्या इंजिनाला थंड करण्याची सोय कोठेच दिसली नाही, तर उत्कृष्ट रंगकामानेही ती मोटार खरी वाटत नाही.