नियुक्तिपत्राची वाट

परिचर्येचे शिक्षण पुरे करून बाहेर पडलेल्या मुलीला पहिली नोकरी कोणी, कोठे आणि कोणत्या कसोटीवर दिली, हा प्रश्न नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरता घेऊन गेल्या पाऊणशे वर्षांचे अवलोकन केले, म्हणजे असे ध्यानात येते की रुग्णाची निकड आणि सरकारी दप्तरातील मंजूर पद यांची गाठ क्वचितच पडली. आणि त्या दोहोंमधील अंतर सोसण्याचा भार प्रत्येक पिढीत नवशिक्या परिचारिकेच्याच वाट्याला आला.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवटीचा अंत झाला, तेव्हा नांदेड जिल्ह्याचे ठिकाण होते, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. ज्या थोड्या मुलींना हे शिक्षण घ्यावयाचे असे, त्यांतील नांदेडच्या मुलीस मीटरगेजने हैदराबाद गाठणे सोयीचे पडे, आणि लातूरच्या मुलीस बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीने कुर्डुवाडी, पंढरपूर मागे टाकीत थेट मिरजेस, म्हणजे वानलेस यांच्या मिशन रुग्णालयाच्या दारी, जाता येई. परक्या पुरुषाची शुश्रूषा आणि रात्रपाळी या दोन गोष्टी प्रतिष्ठित घरांना रुचत नसल्यामुळे त्या काळी वाण होती ती नोकरीची नव्हे, उमेदवाराची. शिकून आलेली सिस्टर दवाखान्यास हवीच असे. तिच्याकडून एवढीच अपेक्षा असे की तिने गाव सोडून जाऊ नये.

1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि 1962 साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे यांच्या रूपाने नोकरीचे नवे क्षेत्र खुले झाले. पुढे सर्वसाधारण भागात पाच हजार लोकसंख्येमागे आणि किनवट-माहूरसारख्या आदिवासी मुलखात तीन हजारांमागे एक उपकेंद्र असे प्रमाण रूढ झाले, आणि त्या उपकेंद्राची सर्व भिस्त गावकरी जिला ‘नर्सबाई’ म्हणतात त्या एकाच बाईवर राहिली. 1966 साली डॉ. अशोक कुकडे व त्यांचे सहकारी यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय उभे केले, त्यामुळे सरकारी चाकरीखेरीज दुसराही एक आदरणीय मार्ग निर्माण झाला. शासकीय परिचर्या विद्यालयातून उत्तीर्ण होणारीस बंधपत्रापोटी काही काळ सेवा करावी लागे, आणि तेच पुष्कळदा तिचे पहिले नियुक्तिपत्र ठरे. इतरांनी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून ‘कॉल’ची वाट पाहावी, अशी वहिवाट होती. केवळ या नोंदणीवर विसंबून न राहता वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिल्यावर ती वहिवाट मागे पडली.

दरम्यान संस्थांचा विस्तार झाला. 1982 साली लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. 1988 साली नांदेडच्या गुरु गोविंदसिंगजी स्मारक रुग्णालयास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. 1990 साली लातुरात खाजगी आणि 2002 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मध्यंतरी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि जखमींचे लोंढे लातूर-सोलापूरच्या रुग्णालयांकडे वळले, तेव्हा शिकाऊ आणि अनुभवी हा भेद पाळण्यास कोणालाही सवड नव्हती. हाताला काम येते की नाही, एवढीच त्या दिवसांची परीक्षा होती.

ही परीक्षा पुढे कोणी घेतली नाही. विद्यालये वाढली, मुलींबरोबर मुलगेही या शिक्षणाकडे वळले, नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये आणि लातूरच्या बार्शी व अंबाजोगाई रस्त्यांवर खाजगी इस्पितळांची दाटी झाली, आणि उमेदवार मुबलक होताच मालकांची भाषा पालटली. मुंबईच्या परिचर्या परिषदेची नोंदणी हाती घेऊन आलेल्या पदवीधरास ‘अनुभव किती?’ असे विचारावे आणि तो नाही म्हणताच तुटपुंज्या पगारावर दुहेरी पाळी करवून घ्यावी, हा शिरस्ता पडला. काही ठिकाणी तर मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यापर्यंत मजल गेली. सोडून जाताना मिळणारा अनुभवाचा दाखला हाच त्या काळातील श्रमाचा खरा मोबदला होय, असे पुष्कळांनी मनाशी मान्य केले.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि अकरा महिन्यांच्या कराराने शेकडो हातांना काम मिळाले. पण पद कायम नसल्यामुळे पहिली नोकरी दरवर्षी नव्याने मिळवावी लागल्यासारखे झाले. 2020-21 च्या महामारीत ठिकठिकाणी अल्प मुदतीच्या नेमणुका झाल्या, आणि लाट ओसरताच त्या संपुष्टात आल्या. कायम पदाची आस धरून बसलेल्यांच्या पदरी काय पडले? सप्टेंबर 2021 मधील आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या संध्याकाळी पुढे ढकलण्यात आली; ऑक्टोबरात ती झाली, तेव्हा पेपरफुटीचे प्रकरण पोलिसांकडे जाऊन अटका झाल्या. 2023 साली वैद्यकीय शिक्षण विभागाने संगणकावर परीक्षा घेतली. तीत परिचर्येच्या प्रश्नांबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान व बुद्धिमापन होते. वशिल्याला आळा घालण्यास ही पद्धत निःसंशय उपयुक्त आहे, परंतु शीर सापडत नसलेल्या अर्भकाला सलाइन कसे लावावे, हे तीत पडताळून पाहण्याची सोय नाही.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि औषधांबरोबरच रिक्त पदांचीही चर्चा राज्यभर झाली. ज्या शहरात परिचारिकांची पदे रिक्त राहतात, त्याच शहरात नोंदणीकृत परिचारिका अर्जांच्या प्रती घेऊन हिंडतात, या विसंगतीचा दोष त्या मुलींच्या गुणवत्तेकडे जात नाही. तो भरतीच्या अनियमिततेकडे जातो. बिंदुनामावली, जात वैधता, कागदपत्र पडताळणी हे सोपस्कार आवश्यक असतील, पण त्यांना मुदत असली पाहिजे. म्हणून शासनाने ही पदभरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात करावी, आणि सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने नवपदवीधराचे पहिले वर्ष ज्येष्ठ परिचारिकेच्या देखरेखीखाली व पुऱ्या वेतनावर पार पाडावे. अनुभव ही उमेदवाराने घरून आणावयाची वस्तू नव्हे. तो देणे हे पहिली नोकरी देणाऱ्याचेच कर्तव्य आहे.