लिंबूटिंबू नको, भिडू म्हणा

गल्लीतल्या खेळात लिंबूटिंबूची एक जागा ठरलेली असते. धाकटं भावंड रडत मागे लागलं की मोठी मुलं त्याला खेळायला घेतात. पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते आउट झालं तरी कुणी मोजत नाही. वर्षा-दोन वर्षांत त्याची यातून सुटका होते. पायाला कॅलिपर असलेल्या मुलाची होत नाही. शाळेत तर त्याच्या वाट्याला तेवढंही येत नाही. पीटीच्या तासाला त्याने दप्तरं राखायची, फार तर गुण लिहायचे. सरांचा हेतू चांगलाच असतो, पोराला लागायला नको. पण वर्षानुवर्षं कडेला बसून ते पोर एक धडा पक्का शिकतं: आपण असलो काय, नसलो काय, डावाला फरक पडत नाही.

सर्वसमावेशक खेळात हा धडा पुसायचा असतो. त्यासाठी कौतुकाच्या टाळ्यांपेक्षा नीट आखलेले नियम जास्त उपयोगी पडतात. टेनिसचंच घ्या. व्हीलचेअरवरच्या खेळाडूला चेंडूचे दोन टप्पे घेता येतात. पहिला टप्पा कोर्टात पडायला हवा, दुसरा बाहेर पडला तरी चालतो. कोर्ट, जाळी, गुण सगळं तेच. दुहेरीत एक जण व्हीलचेअरवर आणि त्याचा जोडीदार पायांवर असेल, तर एकाला दोन टप्पे मिळतात, दुसऱ्याला एकच. एवढ्या सवलतीवर सख्खी भावंडं एका बाजूने खेळू शकतात, आणि हरली तर एकमेकांवर खापरही फोडू शकतात.

व्हीलचेअर बास्केटबॉलचा हिशेब याहून हुशारीचा आहे. शरीराच्या हालचालींवर किती ताबा आहे, ते पाहून प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुण दिले जातात. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज आंतरराष्ट्रीय सामन्यात १४ च्या वर जाऊ द्यायची नाही. त्यामुळे ज्याला धडही नीट सावरता येत नाही, असा एक गुणाचा खेळाडू संघाला ओझं होत नाही. उलट तो आहे म्हणून साडेचारच्या भिडूला जागा होते. प्रतिस्पर्ध्याची वाट खुर्ची आडवी घालून अडवायची, हे त्याचं काम. जर्मनीतल्या लीगमध्ये तर कसलंही अपंगत्व नसलेले खेळाडूही खुर्चीत बसून खेळतात. त्यांचे गुण साडेचार.

या खुर्च्या एकदा जवळून बघाव्यात. चाकं खाली फाकलेली, म्हणजे झटकन वळता येतं. उलटू नये म्हणून मागे एक छोटं चाक, कमरेला पट्टा. आणि पाठीमागे ढकलायच्या मुठी सहसा नसतातच. ज्याला घरात, शाळेत, दवाखान्यात कायम कुणीतरी मागून ढकलत आलंय, त्या मुलाला इथे कुणी ढकलू शकत नाही. धडक बसते, खुर्ची आडवी होते, पट्ट्यासकट पडलेला खेळाडू हात टेकून पुन्हा उभी करतो. बघणाऱ्या आयांच्या पोटात गोळा येतो, तो येणारच.

मुंबईच्या अणुशक्तीनगरात वाढलेली मानसी जोशी लहानपणी वडिलांबरोबर बॅडमिंटन खेळायची. डिसेंबर २०११ मध्ये कामावर जाताना अपघात झाला आणि डावा पाय गमवावा लागला. पुढे ती पॅरा-बॅडमिंटनच्या एसएल-३ गटात खेळू लागली. या गटातली एकेरी उभ्या अर्ध्या कोर्टवर होते. आडवी धावपळ वाचते, पण पुढे-मागे हलण्यातून सुटका नाही. २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत पारुल परमारला सुवर्ण मिळालं, मानसीला कांस्य. पुढच्या वर्षी बासेलच्या जागतिक स्पर्धेत अंतिम सामना याच दोघींत झाला आणि मानसीने २१-१२, २१-७ असा जिंकला. मला या कहाणीतलं सुवर्णाइतकंच ते आधीचं कांस्य महत्त्वाचं वाटतं. तेव्हा कुणी तिला मुद्दाम जिंकू दिलं नव्हतं, म्हणून तर नंतरच्या विजयाला वजन आलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचंही तसंच. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याचा गोळा १६.३२ मीटर गेला आणि सुवर्ण सहा सेंटिमीटरनी हुकलं. 'थोडक्यात हुकलं' अशी चुटपुट लागते ती खेळाडूसाठी. 'बिचाऱ्या'साठी लागत नाही.

अर्थात सगळी मुलं पॅरिसला जायची नाहीत, जायची गरजही नाही. प्रश्न शनिवारच्या पीटीच्या तासाचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी स्वतंत्र कलम आहे. खेळात प्रभावी सहभाग मिळावा यासाठी सरकारने पावलं उचलावीत, असं ते सांगतं. प्रत्यक्षात हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि असली तरी 'चाकांनी फ्लोअरिंग खराब होईल' हे उत्तर तयार. खेळाची खुर्चीही महाग.

पण बैठ्या व्हॉलीबॉलला खुर्ची लागत नाही. १९५६ पासून नेदरलँड्समध्ये रुजलेला हा खेळ. कोर्ट १० बाय ६ मीटरचं, जाळी मुलग्यांना १.१५ मीटरवर, मुलींना १.०५ वर. नियम असा, की चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचलायचं नाही. इथे धडधाकट मुलांची पंचाईत होते. चेंडू उंच आला की त्यांचं बूड आपोआप उचललं जातं आणि पॉइंट जातो. हातांवर जोर देऊन सरकायची सवय असलेलं मूल तोवर जाळीपाशी पोचलेलं असतं, आणि कसं सरकायचं ते इतरांना दाखवतही असतं. 'आमच्या वर्गात असं मूल एकच आहे, त्याच्या एकट्यासाठी काय करणार?' असं शिक्षक विचारतात. एक पुरतं. दोन्ही बाजू मिळून बारा जणांचा खेळ आहे, बाकीच्या अकरा जणांनी खाली बसायचं.