दिव्यांची सम आणि गाण्याची फाइल

रोषणाई आपल्याला नवी नाहीं. दिवाळींत पणत्यांच्या ओळी लावाव्या, त्रिपुरी पौर्णिमेस देवळापुढची दीपमाळ उजळावी, हें आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों आहों. पण हे दिवे आपल्या जागीं शांत तेवत असतात. अमेरिकेंत नाताळच्या दिवसांत कांहीं घरांवर जी रोषणाई दिसते तिचे दिवे मात्र गाण्याच्या तालावर नाचतात. स्वर चढला कीं छपराच्या कडेनें प्रकाश धांवत जातो, ठोका पडला कीं अंगणांतलें झाड एकदम लाल होतें, आणि गाणें संपतांच सारें घर काळोखांत बुडतें.

या प्रकाराचा मोठा बोलबाला झाला तो ओहायओ राज्यांतील मेसन गांवच्या कार्सन विल्यम्स नांवाच्या विद्युत्-अभियंत्यामुळें. २००४ सालीं त्यांनीं आपल्या घरावर हजारों दिवे लावून संगणकाच्या साहाय्यानें ते वाद्यसंगीताच्या तालावर नाचविले, आणि २००५ सालीं त्याचें चलच्चित्र जगभर पाहिलें गेलें. शेजाऱ्यांस त्रास नको म्हणून संगीत कर्ण्यावर न वाजवितां अल्पशक्तीच्या एफ्. एम्. प्रक्षेपकानें सोडलेलें होतें. पाहणारे आपापल्या मोटारींत बसून रेडिओवर तें ऐकत. आज हौशी मंडळींत हीच पद्धत रूढ आहे.

मागच्या नाताळांत माझी थोरली बहीण, म्हणजे आमची आक्का, आणि मी तिच्या मुलाकडे त्याच राज्यांत राहावयास गेलों होतों. भाच्यानें व त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीनें अशी रोषणाई करण्याचें मनावर घेतलें होतें. नाताळच्या चालींबरोबर एक मराठी गाणें असावें असा मुलीचा हट्ट. आक्काच्या माहेरीं एक जुनी तबकडी होती. तिच्यावरचें तीन मिनिटांचें गाणें त्यांनीं संगणकावर उतरवून घेतलें आणि गणपतीपासून रोज संध्याकाळीं बापलेक त्यावर दिवे बसवीत होतीं. आजी २६ डिसेंबरला पुण्यास परत जाणार, त्याआधीं तिला तें दाखवावयाचें होतें.

२० तारखेला पहिली तालीम झाली. आक्का शाल गुंडाळून मोटारींत बसली. गाण्याचा उठाव झाला आणि दिवे बरोबर उमटले. पण पुढें ठोका आधीं आणि प्रकाश मागून असें होऊं लागलें. मध्यावर तर जवळजवळ एका सेकंदाचें अंतर पडलें. आणि शेवटच्या ओळीला दोन्ही पुन्हां एकत्र आलीं. "सगळें फुकट गेलें," म्हणून मुलगी रडत घरांत निघून गेली. आक्का मुलाला म्हणाली, "अरे, तुझा तबलजी बेताला नाहीं. त्याचें घड्याळ मध्यें मागें पडतें आणि मग धांवत येऊन गांठतें."

भाचा मला म्हणाला, "मामा, गाणें तेंच आहे हो. मीं काल फक्त फाइलचा प्रकार बदलला." पुढें कळून आलें कीं आक्कानें रोगाचें निदान अचूक केलें होतें.

दिव्यांची ही मांडणी कशी करतात तें थोडक्यांत सांगतों. 'एक्सलाइट्स' यासारख्या संगणकीय साधनांत गाण्याच्या वेळेचे बारीक बारीक खण पाडलेले असतात. एक खण बहुधा २५ किंवा ५० मिलिसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदांत ४० किंवा २० खण. कोणत्या खणांत कोणता दिवा कोणत्या रंगानें लागावा हें लिहून ठेवावयाचें. प्रयोगाच्या वेळीं गाणें किती पुढें गेलें हें पाहून यंत्र त्या त्या खणांतील दिवे लावतें. म्हणजे गाण्याची फाइल हें नुसतें गाणें नसून सगळ्या दिव्यांचें घड्याळ असतें. फाइल निवडतांना कानापेक्षां घड्याळाचा विचार आधीं करावयाचा तो यासाठीं.

फाइलींचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे 'वेव्ह'. यांत ध्वनीचीं मापें जशींच्या तशीं ओळीनें लिहिलेलीं असतात. सी. डी.च्या प्रतीची फाइल असली तर एका सेकंदांत ४४,१०० मापें, प्रत्येक माप १६ बिटांचें, आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह. कितवें माप चाललें आहे हें कळलें कीं वेळ बिनचूक कळते. दोष एवढाच कीं फाइल जड होते; तीन मिनिटांच्या गाण्यास सुमारें ३२ मेगाबाइट लागतात.

दुसरा प्रकार सर्वांच्या परिचयाचा एम्. पी. थ्री. जर्मनींतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा त्याच्या घडणींत मोठा वांटा होता, आणि १९९५ सालीं त्यास हें नांव मिळालें. मोठ्या आवाजाखालीं झांकले जाणारे बारीक आवाज माणसाला ऐकूं येत नाहींत. ते गाळून फाइल लहान करावयाची, हें त्यांतलें तत्त्व. सेकंदास १९२ किलोबिट या गतीनें तेंच तीन मिनिटांचें गाणें साडेचार मेगाबाइटांच्या आंत बसतें.

यांतही दोन जाती आहेत, आणि आमचा घात तेथेंच झाला. एकींत प्रत्येक सेकंदाला ठराविकच बिट खर्च होतात. ती स्थिर गतीची. दुसरींत जेथें गाणें दाट तेथें जास्त व जेथें विरळ तेथें कमी. ती चल गतीची. आपल्या घरचाच दाखला घ्या. गवळी रोज नेमानें एक शेर दूध घालीत असेल, तर एकूण दुधावरून किती दिवस झाले हें कोणीही सांगेल. पण पाहुणे असतील तसें दूध कमीजास्त घेतलें, तर एकूण मापाला सरासरीनें भागून काढलेले दिवस मध्येंच चुकतील; महिनाअखेर मात्र हिशेब जुळलेला दिसेल. कांहीं वाजविणारीं यंत्रें फाइल किती वाचली गेली यावरून सरासरीनें वेळ काढतात. आमच्या गाण्याचा आरंभ संथ होता. तेथें बिट कमी लागले, यंत्राला वाटलें वेळ थोडाच गेला, आणि दिवे मागें राहिले. पुढें गाणें दाट झालें तसा तो तोटा भरून निघाला. भाच्यानें 'उत्तम प्रत' म्हणून जो पर्याय निवडला होता तो चल गतीचा होता.

दिवे मागें पडणें विशेष खटकतें यालाही कारण आहे. दूरचित्रवाणीसाठीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९९८ सालीं केलेल्या शिफारशींत असें दिलें आहे कीं, ध्वनि चित्राच्या पुढें ४५ मिलिसेकंद गेला कीं माणसास जाणवूं लागतो. मागें मात्र १२५ पर्यंत राहिला तरी लक्षांत येत नाहीं. वीज आधीं आणि गडगडाट मागून ही निसर्गाची रीत आपल्या अंगवळणीं पडली आहे. उलटें झालें कीं मन लगेच हरकत घेतें.

दुसऱ्या दिवशीं मूळ वेव्ह फाइलीवरून स्थिर गतीची नवी फाइल केली. मधली चूक गेली, तरी आरंभापासून अखेरपर्यंत एका खणाचा फरक राहिलाच. एम्. पी. थ्री बनवितांना गाण्याच्या आधीं थोडी शांतता आपोआप जोडली जाते. प्रचलित साधनांत ती सुमारें २५ मिलिसेकंदांची भरते. कांहीं यंत्रें वाजवितांना ती गाळतात, कांहीं गाळीत नाहींत. पण ही चूक सर्वत्र सारखी असल्यामुळें सगळे दिवे एक खण पुढें सरकविले कीं काम झालें. मुलीनें तें आपल्याच हातानें केलें.

यावरून घ्यावयाचा धडा असा कीं, आधीं फाइल कायमची ठरवावी आणि मग तिच्यावर दिवे बसवावे. दिवे बसविल्यावर फाइल बदलूं नये. गाणें तेंच म्हणून दुसऱ्या ठिकाणची प्रत घेऊं नये; आरंभींची शांतता दोन प्रतींत सारखी असेलच असें नाहीं. मूळ प्रत वेव्हमध्यें जपावी, किंवा फ्लॅक या प्रकारांत. फ्लॅकमध्यें एकही माप न गमावतां फाइल बहुधा निम्म्याच्या आसपास येते. पण आपलें यंत्र ती वाजवितें कीं नाहीं हें आधीं पाहावें. प्रयोगास स्थिर गतीची, ४४,१०० मापांची एम्. पी. थ्री सर्वांत सोयीची.

'पण आवाज उतरेल त्याचें काय?' असें कोणी विचारील. एफ्. एम्. रेडिओवर १५,००० कंपनांपलीकडचे स्वर पाठविलेच जात नाहींत. तेव्हां मोटारींत बसलेल्यास १९२ किलोबिटांची फाइल आणि मूळ प्रत यांतला भेद ओळखणें कठीण. अमेरिकेंत विनापरवाना प्रक्षेपकाची पोंच नियमानें सुमारें २०० फुटांपुरतीच असते, तीही अंगणापुढच्या रस्त्याला पुरते. कर्णा लावल्यास ध्वनीला १७ मीटर जावयास ५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे मागें उभ्या असलेल्यांना गाणें एकदोन खण उशीरां पोंचतें. रेडिओला ती अडचण नाहीं. बिनतारी ब्लूटूथ कर्णे मात्र टाळावे. त्यांत बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक विलंब होतो आणि तो यंत्रायंत्रागणिक निराळा असतो.

२४ तारखेच्या रात्रीं थंडी कडाक्याची होती. रस्त्यावर सातआठ मोटारी दिवे मालवून उभ्या होत्या. नाताळच्या दोन चाली झाल्यावर तबकडीची खरखर रेडिओवर ऐकूं आली, आणि नातीनें आजीचा हात धरला. आक्का दुसऱ्या हातानें मोटारीच्या कांचेवर ताल धरीत होती. मध्यावर, जेथें परवां सारें बिनसलें होतें, तेथें सम आली; तिचें बोट कांचेवर पडलें आणि त्याच क्षणीं छपराच्या टोंकापर्यंत घर उजळलें. "आतां बेताला आहे हो," ती नातीला म्हणाली.