हीट ट्रान्स्फरचं पुस्तक कोणतं घ्यावं?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा, आईला पण स्पीकरवर घे. मी मेजर बदलू का?" मेकॅनिकलचं तिसरं वर्ष, हीट ट्रान्स्फरची मिडटर्म आणि १०० पैकी ४१ मार्क.

आम्ही दोघंही मेकॅनिकलवाले. त्यामुळे ऐकून घ्यायचं सोडून भाषणच ठोकलं! आमच्या वेळी पुस्तकं मिळत नसत, आम्ही सगळी उदाहरणं सोडवायचो, वगैरे वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही फॉर्म्युला सांगता. तो का, ते सांगत नाही." आणि फोन ठेवला.

लागलं, कारण खरं होतं. बी.ई.ला आम्ही दोमकुंडवार आणि युनिव्हर्सिटीच्या जुन्या पेपरांवर तरलो. इकडे एम.एस.ला आलो तेव्हा कळलं, की उत्तर येतं पण अर्थ लागत नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं याच वाटेवर आहेत, म्हणून हा लेखप्रपंच.

पहिली गोष्ट, नव्या आवृत्तीसाठी जीव टाकू नये. उष्णतावहनाचा फूरियेचा ग्रंथ १८२२ सालचा, प्रारणाचा स्टीफनचा नियम १८७९ चा. पदवीच्या पुस्तकाचा गाभा आवृत्तीगणिक बदलत नाही; बहुधा बदलतात ते उदाहरणांचे क्रमांक. गृहपाठाचे क्रमांक वर्गमित्राकडून घ्यावेत आणि पुस्तक जुनं, स्वस्तातलं घ्यावं.

आता कोणतं? इन्क्रोपेरा-डेविट हे सगळ्यांत सविस्तर. त्यातली उदाहरणं सोडवायची पद्धत सोन्यासारखी आहे: काय माहीत, काय काढायचं, आकृती, गृहीतकं, गुणधर्म, मग गणित, आणि शेवटी उत्तरावर टिप्पणी. होल्मन (पहिली आवृत्ती १९६३) आटोपशीर. चेंगेल बोलल्यासारखं लिहितो, चित्रंही भरपूर; चाचपडणाऱ्यानं तिथून सुरुवात करावी. आय.आय.टी. मुंबईच्या प्रा. सुहास सुखात्मे यांचं पुस्तक छोटेखानी; भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेत लोणच्याशेजारी सहज मावतं. लीनहार्ड पितापुत्रांचं पुस्तक तर लेखकांनीच इंटरनेटवर फुकट ठेवलं आहे, अगदी रीतसर.

पण आमची खरी कसोटी वेगळी. एकच विषय, समजा फिन, तीन पुस्तकांत वाचावा. ज्यात आकृती न बघता आपल्याला आकृती काढता येईल, ते आपलं पुस्तक.

थँक्सगिव्हिंगला लेक घरी आली. दिवाणखान्यातली आमची जुनी खिडकी एकेरी काचेची. तिच्याशेजारी शाल गुंडाळून बसली आणि म्हणाली, "इथं एवढी थंडी का वाजते?" या वेळी भाषण न देता तिच्यापुढे कागद ठेवला.

घरात २० अंश सेल्सियस, बाहेर उणे १० धरले. आतल्या हवेचा गुणांक ८, बाहेरच्या वाऱ्याचा २५, काच ४ मिलिमीटर. दर चौरस मीटरचा रोध मांडला: आत ०.१२५, काचेत ०.००४, बाहेर ०.०४. बेरीज ०.१६९. म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे १७८ वॅट बाहेर चालले! ती आकड्यांकडे बघत राहिली. "म्हणजे काच काहीच अडवत नाही? सगळं काम काचेला चिकटलेली हवा करते?" बरोबर. काचेचा वाटा अडीच टक्केसुद्धा नाही. मग तिनंच काचेच्या आतल्या बाजूचं तापमान काढलं: उणे २. थंडी का वाजते, ते तिचं तिला कळलं. दुहेरी काच घेऊन मधल्या हवेच्या फटीचा रोध ०.१७ धरला, तर गळती जवळजवळ निम्मी होते आणि आतली काच ९ अंशांवर राहते. हेही तिनंच काढलं. आम्ही फक्त चहा केला.

नंतर मिडटर्मचा पेपर काढला. एका प्रश्नात प्रारणाच्या सूत्रात तापमान केल्विनऐवजी सेल्सियसमध्ये घातलेलं. चौथा घात असल्यामुळे उत्तर पार भलतंच. दुसऱ्यात प्रवाह लॅमिनार असताना टर्ब्युलंटचं सूत्र. मुलगी 'ढ' नव्हती. सूत्राखालच्या अटी वाचत नव्हती.

तेव्हा पुस्तक वापरताना एवढं पाळावं. सूत्राआधी त्याच्या अटी वाचाव्यात. गणिताआधी उत्तराचा अंदाज लिहावा. सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः करावं, अडल्यावरच उघडावं. आणि उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत लिहून खूश होऊ नये. कन्व्हेक्शनची जुनी सूत्रं २५ टक्क्यांपर्यंत चुकू शकतात, हे पुस्तकंच सांगतात.

डिसेंबरच्या फायनलला तिला 'बी' मिळाला. मेजर अजून तेच आहे. आमचं जुनं इन्क्रोपेरा ती घेऊन गेली. समासात आम्ही पेन्सिलीनं काढलेली प्रश्नचिन्हं तिला सापडली म्हणे. फोनवर हसून म्हणाली, "तुम्हालाही कळत नव्हतं की!"

नव्हतंच. हे तिला ऑक्टोबरातच सांगायला हवं होतं.