मोलेसरशास्त्र्यांच्या कोशातली वाडी

रत्नागिरीकडच्या माणसाने नुसतं गावाचं नाव सांगितलं, की समोरचा लगेच विचारतो, "वाडी कुठची?" वरचीवाडी, मधलीवाडी, सुतारवाडी, तेलीवाडी, भंडारवाडी असं काही कळल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. शिमग्यात पालखी वाडीवाडीने फिरते. मुंबईतली मंडळं जशी गावाची, तशी वाडीचीही असतात. देशावर वाडी म्हणजे मूळ गावापासून लांब, शेतात वसलेली लहान वस्ती. कोकणात वाड्या बाजूला काढल्या, तर गाव म्हणून दाखवायला देऊळ आणि शाळा तेवढी उरेल.

हा फरक कोशात नेमका उतरवला तो जेम्स मोल्सवर्थ यांनी. कंपनी सरकारच्या लष्करात आलेला हा माणूस मराठीत इतका मुरला, की लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणू लागले. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू आणि मराठी शास्त्रीमंडळी यांच्या मदतीने त्यांनी मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये काढला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 मध्ये. त्याआधी विल्यम कॅरी यांचा कोश 1810 मध्ये श्रीरामपूरला छापला गेला होता, शास्त्र्यांचा महाराष्ट्र भाषेचा कोश 1829 मध्ये आला होता. तरीही आज जुन्या शब्दावर अडलं की हात जातो तो मोल्सवर्थकडेच. शब्द पोथीतला की शेतावरचा, याने त्यांना फरक पडत नसे. शिव्या, म्हणी, कुणब्याच्या तोंडचे उच्चार, सगळ्यांना त्यांच्या कोशात जागा आहे.

'वाडी'ची नोंद काही ओळींचीच आहे, पण ती सावकाश वाचावी. पहिला अर्थ कुंपण घातलेल्या जमिनीचा, बागायतीचा. दुसरा शेतकऱ्यांच्या घरांच्या पुंजक्याचा. इथे मोल्सवर्थ थांबतात आणि खुलासा करतात: कोकणातली गावं बहुतेक अशा सुट्या पुंजक्यांचीच बनलेली असतात, म्हणून तिथे ऐसपैस पसरलेल्या गावाच्या एका भागालाही वाडी म्हणतात. मग शहराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या वस्तीचा अर्थ येतो. गिरगावातल्या फणसवाडीला आणि खोताच्या वाडीला तो एके काळी लागू पडत होता. अर्थ देताना गावाची ठेवणही सांगणारा कोशकार विरळा. मला हा कोश आवडतो तो अशा जागांसाठी.

या नोंदीतला अर्थांचा क्रम प्रत्यक्ष पाहायचा असेल तर रत्नागिरी-गुहागरच्या किनाऱ्यालगत चालावं. नारळी-पोफळीची वाडी आधी दिसते ती तिच्या गडग्यामुळे. जांभ्याचे दगड चुना-मातीशिवाय एकावर एक रचलेले, पावसाने काळवंडलेले, फटींतून नेचे उगवलेले. जिथे गडगा नाही तिथे काट्याकुट्यांची वई. आत शिरायला बेडं: दोन खांबांत आडवे सरकवलेले बांबू, गुरं अडवतील आणि माणसाला बाजूला करता येतील असे. बागेत विहीर, विहिरीजवळ घर. भावाभावांत वाटण्या झाल्या की त्याच कुंपणात दुसरं घर, मग तिसरं. बागेची वाडी माणसांची होते ती अशी. मुळात संस्कृत वाट, वाटिका म्हणजेही वेढलेली जागाच. गुजरातीत वाडी बाग-मळ्यापाशीच राहिली, बंगालीत बाडी म्हणजे थेट घर झालं.

इंग्रजीतल्या 'टाउन' या रोजच्या शब्दाचा प्रवासही हाच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कुंपण, आवार, वेढलेली जागा; जर्मनमधला त्याचा भाऊबंद शब्द आजही कुंपणालाच लावतात. मग शेतघर, मग खेडं, आणि शेवटी शहर. सॅम्युअल जॉन्सन यांच्या 1755 च्या कोशात पहिला अर्थ येतो तो तटबंदीतल्या घरांचा. पुढे बाजार भरणारं गाव येतं, आणि लंडनच्या दरबारी भागापर्यंत अर्थ पोचतो. नोआ वेबस्टर यांच्या 1828 च्या अमेरिकन कोशात भिंतीसोबत झाडांची वई आणि खुंटांचं कुंपणही आहे. शिवाय अमेरिकेतल्या बोलण्यात टाउन म्हणजे हद्द आखलेला सगळा मुलूख, हे वेबस्टर सांगतात. न्यू इंग्लंडमधल्या एका टाउनात अनेक खेडी मावतात, जशी आपल्या एका गावात अनेक वाड्या. ऑक्सफर्डचा मोठा कोश 1884 पासून भागाभागाने निघून 1928 मध्ये पुरा झाला. त्यात प्रत्येक अर्थ काळाच्या क्रमाने, उदाहरणांसह लावलेला आहे. कुंपणाकडून शहराकडे जाणारी ही वाट आपल्याकडेही आहे: सुंदरवाडीची सावंतवाडी झाली, संस्थानाची राजधानी झाली, तरी नावातली वाडी राहिली.

मराठीत मोल्सवर्थनंतरचं मोठं काम यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या मंडळाचं. महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड 1932 ते 1938 या काळात निघाले, पुरवणी 1950 मध्ये. शब्द कोणत्या मुलखातला, हे ते संक्षेपाने दाखवतात. त्यात कोकणी, कुणबाऊ यांच्याबरोबर राजापुरी असा वेगळा संक्षेप आहे. एका तालुक्याच्या बोलीला कोशात स्वतःची खूण मिळणं ही रत्नागिरीकरांनी मिरवावी अशी गोष्ट आहे. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येतात. त्यांत वाडी शोधताना एक लक्षात ठेवावं: कोकणात पितृपक्षात कावळ्यासाठी पानावर काढून ठेवतात तीही वाडीच, पण तिचं नातं कुंपणाशी नसून वाढण्याशी असावं. उच्चार एकच, घराणी दोन.

आता वस्तीच्या वाडीला नवं वळण लागलं आहे. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने 2020 मध्ये घेतला. तो योग्यच आहे. पत्त्यावरून जात ओळखली जाणं संपायलाच हवं. मात्र पाटी बदलण्याआधी जुनं नाव लिहून ठेवायला हवं. कोणती वाडी कुणी वसवली, तिचा गडगा कुठून कुठवर होता, पऱ्याच्या अलीकडे की पलीकडे, शेजारची वाडी तिला काय म्हणते, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा, राजापूर अशी तालुकावार यादी महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी हाती घ्यावी. सुरुवात मे महिन्यात करावी, मुंबईकर गावाला आलेले असतात तेव्हा.