रक्तातले कॅल्शियम आणि हार्ट अटॅक: रिपोर्टमधला आकडा नेमके काय सांगतो?

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमुळे हल्ली बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये ‘सीरम कॅल्शियम’ अशी एक ओळ असते. आमच्या दौलताबादकडे बोअरच्या पाण्याने हंड्या-कळशांना पांढरा थर चढतो. तो रोज पाहणारा माणूस या ओळीचा अर्थ लगेच लावतो: पाण्यातले कॅल्शियम रक्तात गेले, आता ते हृदयाच्या नळ्यांत साचणार आणि झटका येणार. मग कोणी दूध सोडतो, कोणी घरातल्या गरोदर सुनेच्या गोळ्या बंद करायला लावतो. दुसरीकडे, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून वर्षानुवर्षे खाणारेही आहेत.

दोघांचा घोटाळा एकच आहे. हाडांतले कॅल्शियम, रक्तातले कॅल्शियम आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेले कॅल्शियम ही तीन वेगवेगळी प्रकरणे आहेत. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

रक्तातला आकडा कोण ठरवते?

शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तात असते ते अगदी थोडे, दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. हे प्रमाण तुमचे जेवण ठरवत नाही. गळ्यात थायरॉइडच्या मागे बहुधा चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्या ठरवतात. रक्तातले कॅल्शियम जरा उतरले की त्यांचे हार्मोन हाडांतून कॅल्शियम काढते, मूत्रपिंडाला ते राखून ठेवायला सांगते आणि व्हिटॅमिन डीच्या मदतीने आतड्यातून जास्त शोषून घेते. म्हणून हाडे ठिसूळ झालेल्या आजींचा रिपोर्टही ९.४ येतो. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे हाडे मजबूत, असे समजू नका.

आकडा चुकूही शकतो. रक्तातले जवळपास निम्मे कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेले असते. आजारपणात अल्ब्युमिन उतरले की एकूण कॅल्शियमही कमी दिसते. समजा कॅल्शियम ८.० आहे आणि अल्ब्युमिन २.८, नेहमीच्या सूत्राने हिशोब केला तर खरे कॅल्शियम ९ च्या आसपास निघते, म्हणजे ठीक. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर आकडा थोडा चढतो. रक्त चुकून जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधले वापरले गेले तर तो खोटाच खाली येतो, कारण त्या ट्यूबमधले रसायन कॅल्शियम बांधून टाकते. त्यामुळे एका रिपोर्टवर घाबरू नका. अल्ब्युमिनसह तपासणी पुन्हा करा, शक्य असेल तर ‘आयोनाइज्ड कॅल्शियम’ पाहा.

मग नळ्यांत साचते ते काय?

पाइपात क्षार बसतो, तसे हृदयाच्या धमनीत कॅल्शियम बसत नाही. आधी धमनीच्या अस्तराला इजा होते: तंबाखू, वाढलेले ब्लड प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल यांमुळे. भिंतीत चरबी शिरते, सूज येते, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या या दुखण्यात तिथल्या काही पेशी हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. कॅल्शियम येते ते नंतर, जुन्या जखमेवर खपली धरावी तसे. रक्तातले कॅल्शियम अगदी ९.२ असले तरी हे घडू शकते. बोअरच्या जड पाण्याने हृदयविकार वाढतो असेही दिसलेले नाही.

हे साचलेले कॅल्शियम रक्ततपासणीत दिसत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनवर ‘कॅल्शियम स्कोअर’ काढतात. स्कोअर शून्य असेल तर पुढच्या काही वर्षांतला धोका कमी. १०० च्या वर गेला तर कोलेस्टेरॉलच्या औषधाचा विचार गंभीरपणे करावा लागतो. ४०० च्या वर धोका बराच. छातीत दुखत असताना मात्र ‘स्कोअर शून्य होता’ म्हणून घरी बसू नये. मऊ, ताजी चरबीची गाठ या तपासणीत दिसत नाही, आणि फुटते ती बऱ्याचदा तीच. स्टॅटिनच्या गोळीने हा स्कोअर थोडा वाढू शकतो, कारण गाठ घट्ट आणि स्थिर होते. त्यासाठी गोळी बंद करू नका.

रक्तातल्या कॅल्शियमचा हृदयाशी संबंध कधी येतो?

संबंध अजिबात नाही असे नाही. २०१७ साली ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकात आलेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात, ज्यांचे कॅल्शियम जन्मतःच किंचित वरच्या बाजूला राहते त्यांच्यात हृदयाच्या धमन्यांचा विकार थोडा जास्त आढळला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला अभ्यास उलटे सांगत होता: कॅल्शियम खालच्या बाजूला असणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडण्याचे प्रमाण जास्त. हे परस्परविरोधी वाटते, पण घटना दोन आहेत. हार्ट अटॅकमध्ये धमनी तुंबते. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाची विद्युत लय बिघडते, आणि कॅल्शियम कमी झाले की ईसीजीतला एक टप्पा लांबतो आणि ती बिघडायला वाव मिळतो. अशा अभ्यासांवरून नॉर्मल आकडा वरखाली करत बसायचे नसते.

लक्ष द्यायचे ते खऱ्या बिघाडाकडे. आकडा पुन्हा तपासूनही १०.५ च्या वर आला तर कारण शोधलेच पाहिजे. बद्धकोष्ठता, खूप तहान, वारंवार लघवी, पुन्हा पुन्हा मुतखडा, गळून गेल्यासारखे वाटणे ही सोबतची लक्षणे. बहुतेकदा पॅराथायरॉइडची गाठ किंवा एखादा कॅन्सर निघतो; क्षयरोगातही कॅल्शियम वाढू शकते. क्लोरथॅलिडोनसारख्या बीपीच्या गोळीनेही ते थोडे चढते. आणि आपल्याकडचे एक ठळक कारण म्हणजे सहा लाख युनिटचे व्हिटॅमिन डीचे इंजेक्शन. कंबर दुखली की एक, थकवा आला की एक, असे हे इंजेक्शन घेतले जाते. डी शरीरात साठत जाते आणि कॅल्शियम १२-१४ वर जाऊन मूत्रपिंड अडचणीत येते. साठ हजारांचे सॅशेसुद्धा डॉक्टरांनी सांगितले तितकेच आठवडे घ्या.

आकडा ८ च्या खाली असेल आणि ओठांभोवती मुंग्या, हातापायांत वळ येणे अशी लक्षणे असतील तर थांबू नका. डीची कमतरता, थायरॉइडचे ऑपरेशन, मूत्रपिंडाचा आजार ही त्याची कारणे. पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे घेतली तर मॅग्नेशियम उतरून कॅल्शियमही उतरू शकते, हे फार कमी लोकांना माहीत असते.

गोळ्या, दूध आणि चुना

२०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या विश्लेषणाने नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे हार्ट अटॅक सुमारे ३० टक्क्यांनी वाढतात असे म्हटले आणि खळबळ उडाली. अमेरिकेत ३६ हजारांहून अधिक स्त्रियांना सात वर्षे कॅल्शियम आणि डी देऊन केलेल्या चाचणीत मात्र तशी वाढ दिसली नव्हती. वाद मिटलेला नाही. माझे मत असे: कारण असेल तर गोळी घ्यावी, ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त एका वेळी घेऊ नये, जेवणासोबत घ्यावी, कारण नसेल तर घेऊ नये. गरोदरपणात कारण असते. सरकारी आरोग्य केंद्रातून १४ आठवड्यांनंतर मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या गरोदरपणातल्या ब्लड प्रेशरचा धोका कमी करतात. त्या बंद करू नका. फक्त लोहाच्या गोळीत आणि तिच्यात दोन तासांचे अंतर ठेवा.

आहारातल्या कॅल्शियमने हृदयाला धोका दिसलेला नाही. दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागते. एका मोठ्या कपभर दुधात २५० च्या आसपास मिळते. ज्वारीच्या भाकरीत ते फारसे नसते, पण भाकरीसोबतच्या तिळाच्या चटणीत आणि शेवग्याच्या पाल्याच्या भाजीत भरपूर असते.

राहता राहिला चुना. गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा, असे मेसेज फिरतात. चुन्यात कॅल्शियम आहे हे खरे, पण बहुतेकांच्या तळहातावर तो तंबाखूसोबत मळला जातो. चुन्याने तंबाखूतले निकोटिन सुटे होऊन गालातून झपाट्याने रक्तात शिरते, नाडी आणि ब्लड प्रेशर चढते. रिपोर्टमधल्या ९.८ ची चिंता करत तंबाखू मळणारा माणूस धोका चुकीच्या कागदात शोधतो आहे.

छातीच्या मध्यभागी दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असेल, तर कॅल्शियमचा रिपोर्ट काहीच सांगू शकत नाही. गॅस समजून सोडा पिऊन पाहू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी होईल अशा दवाखान्यात निघा. सुट्टीच्या दिवशी किल्ल्याजवळच्या दरवाज्यात वेरूळच्या गाड्यांची कोंडी होते, तेवढा वेळ हिशोबात धरूनच निघा. एरवी आकडा वरखाली आला असेल तर डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि गेल्या वर्षभरात घेतलेल्या डीच्या इंजेक्शनांची संख्या सोबत न्या.